दंतवैद्यांनी औषध द्यावे, पण चिठ्ठीसह

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दाताच्या डॉक्टरांनी आपल्याच दवाखान्यातून रुग्णांना औषधे विकावीत का, हा प्रश्न मला रुग्ण विचारतात, त्यांचे नातेवाईक विचारतात आणि अलीकडे नव्याने दवाखाना थाटणारे तरुण सहकारीही विचारतात. काहींची समजूत अशी असते की हा प्रकार सरळसरळ बेकायदा आहे; काहींना वाटते की डॉक्टर म्हटला की औषध देणारच, त्यात विचारण्यासारखे काय आहे. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. मी स्वतः सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी दंतवैद्यकीचा व्यवसाय करते आणि माझ्याही दवाखान्यात औषधांचे एक कपाट आहे, म्हणून या विषयावर सविस्तर लिहावे असे वाटले. माझे म्हणणे एवढेच आहे की, दंतवैद्याने स्वतःच्या रुग्णाला गरजेचे औषध देण्यात गैर काही नाही. मात्र औषधाचे नाव, मात्रा आणि दिवस लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या हातात न देता औषध देणे हा व्यवसायनीतीचा भंग आहे, मग ते औषध फुकट दिलेले का असेना.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. औषधांच्या विक्रीसाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये परवाना लागतो. या कायद्याखालच्या १९४५ च्या नियमांमध्ये 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी' कोणाला म्हणावे याची व्याख्या दिलेली आहे आणि दंतवैद्य कायदा, १९४८ खाली राज्याच्या नोंदवहीत नाव असलेला दंतवैद्य त्या व्याख्येत स्पष्टपणे येतो. त्याच नियमांच्या अनुसूची 'के'मध्ये अशा व्यवसायीला स्वतःच्या रुग्णाला औषध पुरवण्यासाठी परवान्यातून सूट दिली आहे. सूट कोणाला नाही, तेही तिथेच लिहिले आहे : जो उघडे दुकान चालवतो, जो गल्ल्यावरून येईल त्याला औषध विकतो, किंवा ज्याचा औषधांचा व्यापार एवढा मोठा आहे की त्याला विक्रेताच म्हणावे लागेल, त्याला ही सवलत लागू होत नाही. तामिळनाडूतील एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे थोडीशी मलमे व लोशने सापडल्यावरून त्यांच्यावर भरलेला खटला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला, तो याच सवलतीच्या आधारावर. साठा अल्प होता आणि तो स्वतःच्या रुग्णांसाठी असू शकतो, हे न्यायालयाने लक्षात घेतले. या निकालाचा दाखला आमच्या व्यवसायबंधूंच्या बैठकांमध्ये हमखास दिला जातो आणि 'म्हणजे आपल्याला मोकळीक आहे' असा त्याचा अर्थ लावला जातो.

परंतु अनुसूची 'के'मधली ती नोंद शेवटपर्यंत वाचली, तर मोकळीक किती आटोपशीर आहे हे ध्यानात येते. औषध परवानाधारक उत्पादकाकडून किंवा विक्रेत्याकडूनच घेतलेले असले पाहिजे आणि त्या खरेदीची नोंद औषधाचे नाव, प्रमाण, बॅच क्रमांक व उत्पादकाचा पत्ता यांसह ठेवली पाहिजे. औषध वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे साठवले पाहिजे आणि मुदत संपलेले औषध कोणाला देता कामा नये. याशिवाय औषध अनुसूची 'जी', 'एच' किंवा 'एक्स'मधल्या, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली किंवा चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या याद्यांतल्या, घटकाचे असेल तर आणखी अटी आहेत. पाकिटावर औषध देणाऱ्या व्यवसायीचे नाव व पत्ता हवा, पोटात घ्यायचे असेल तर मात्रा लिहिलेली हवी. एका नोंदवहीत औषधाचे नाव, प्रमाण, मात्रा, रुग्णाचे नाव आणि दिनांक त्याच वेळी लिहायला हवा. त्या नोंदीला क्रमांक द्यायला हवा आणि तोच क्रमांक रुग्णाच्या पाकिटावर यायला हवा. ती वही निदान दोन वर्षे जपून ठेवायची असते. दातांच्या दवाखान्यात रोज दिली जाणारी औषधे, म्हणजे अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल, डायक्लोफिनॅक, केटोरोलॅक, ही सगळी अनुसूची 'एच'मधली आहेत. त्यामुळे या अटी एखाद्या दुर्मीळ प्रसंगासाठी नाहीत, त्या आमच्या नेहमीच्या कामासाठीच आहेत. सवलत हवी असणाऱ्याने ती अटींसकट घ्यायची असते.

प्रत्यक्षात रुग्णाच्या हातात काय पडते? एक पारदर्शक प्लास्टिकची छोटी पुडी, वर दाबून बंद होणारी. आत पट्टीतून काढलेल्या सुट्या गोळ्या. एक पांढरी लांबट, एक पिवळसर, एक गुलाबी. पुडीवर पेनाने मारलेल्या रेघा किंवा नुसतेच १-०-१. दवाखान्याचे नाव नाही, औषधाचे नाव नाही, तारीख नाही, मुदत नाही. कधी पट्टी कापून दिलेली असते आणि कापताना नावाचा व मुदतीचा भाग दवाखान्यातच राहतो. ही पुडी बहुतेक वेळा डॉक्टर स्वतः देत नाहीत. पैसे घेणारी मुलगी देते, आणि 'जेवणानंतर घ्या' एवढेच सांगते. ती मुलगी कष्टाळू असते, प्रामाणिक असते, पण औषधशास्त्र शिकलेली नसते. रुग्णाला पेनिसिलीनची ॲलर्जी आहे का, रुग्ण गरोदर आहे का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, हे तिने विचारावे अशी अपेक्षाच चुकीची आहे.

या बेनामी पुडीमुळे काय होऊ शकते, याचे मी पाहिलेले एक उदाहरण सांगते. शेजारच्या गावातील पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई एका संध्याकाळी माझ्याकडे आल्या. काही दिवसांपूर्वी दुसरीकडे त्यांची दाढ काढली होती आणि त्या जागेतून रक्त झिरपायचे थांबत नव्हते. हिरड्यांतूनही रक्त येत होते. विचारल्यावर कळले की त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि त्या वॉरफरिन घेतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या या औषधाची मात्रा रक्ततपासणी करून अगदी मापात ठेवावी लागते आणि अनेक औषधे त्याच्या कामात ढवळाढवळ करतात. दंतवैद्यकात सर्रास वापरले जाणारे मेट्रोनिडॅझोल हे त्यांपैकी एक प्रमुख औषध. ते सोबत दिले तर वॉरफरिनचा परिणाम वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. काही वेदनाशामक गोळ्यांनी तो धोका आणखी वाढतो. बाईंच्या पिशवीत पुडी होती, पुडीत उरलेल्या गोळ्या होत्या, पण त्या कशाच्या आहेत हे सांगायला काहीच नव्हते. ज्या दवाखान्यातून औषध दिले होते तो बंद झाला होता आणि फोन उचलला जात नव्हता. त्या रात्री त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागले. तिथल्या डॉक्टरांनाही उपचार सुरू करताना अंदाजानेच चालावे लागले; गोळ्यांची नावे दुसऱ्या दिवशी कळली आणि त्यांत मेट्रोनिडॅझोल होते. बाई सुखरूप घरी आल्या. त्यांच्या हातात नावांची एक साधी चिठ्ठी असती तर गावातल्या कोणत्याही औषधविक्रेत्याने ती पाहून निदान प्रश्न तरी विचारला असता, आणि कदाचित हा प्रसंग ओढवलाच नसता.

मी हे लिहीत असताना दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. दंतवैद्याकडे औषध असावेच लागते असे काही प्रसंग आहेत. हृदयाची कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाची दाढ काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी प्रतिजैविकाची एकच मोठी मात्रा द्यावी लागते. ती समोर बसवून देणेच चांगले. उपचारादरम्यान कोणाला भोवळ आली, ॲलर्जी उठली, छातीत दुखू लागले, तर त्यासाठीची औषधे हाताशी हवीत. रविवारी संध्याकाळी सुजलेला गाल घेऊन आलेल्या शेतमजुराला सोमवार सकाळपर्यंतची वेदनाशामक गोळी देणे हे तर कर्तव्यच आहे. ज्या गावात मेडिकल नाही किंवा संध्याकाळी सातला बंद होते, तिथे दवाखान्यातील कपाट हाच रुग्णाचा आधार असतो. पुन्हा, आपण लिहिलेल्या औषधाऐवजी विक्रेत्याने भलतेच काही दिले, असा अनुभवही दंतवैद्यांना येतो. या सगळ्या गरजा मला मान्य आहेत, आणि त्यांतल्या एकीलाही चिठ्ठी न देण्याची किंवा वही न ठेवण्याची गरज भासत नाही.

मग चिठ्ठी का दिली जात नाही? कामाचा रेटा हे एक कारण सांगितले जाते. ते काही अंशी खरे आहे, पण त्याच दवाखान्यात रूट कॅनालच्या प्रत्येक बैठकीचा हिशेब नीट लिहिलेला असतो. खरे कारण पैशाचे आहे, आणि ते आपण आपसांत तरी स्पष्ट बोलले पाहिजे. चिठ्ठीवर नाव आले की रुग्ण ते नाव बाहेर विचारू शकतो, किंमत ताडून पाहू शकतो, जनऔषधी केंद्रात तेच औषध काय भावाने मिळते हे पाहू शकतो. नाव नसेल तर हे काहीच करता येत नाही.

किमतीचे गणित वाचकांना माहीत असावे म्हणून थोडे सांगते. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार ज्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवते, त्यांत किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरलेला असतो. या यादीबाहेरच्या औषधांची छापील किंमत कंपनी स्वतः ठरवते. सरकारचे नियंत्रण एवढेच की ती वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढू नये. मुळात किंमत किती ठेवावी, यावर बंधन नाही. याचा फायदा घेऊन दवाखान्यात ठेवण्यासाठीच म्हणून बनवलेला माल बाजारात आला आहे. त्याचे प्रतिनिधी माझ्याकडेही येतात. त्यांच्या दरपत्रकात दोन रकाने शेजारी शेजारी असतात, एक छापील किमतीचा आणि दुसरा डॉक्टरांसाठीच्या किमतीचा. आणि दुसऱ्या रकान्यातला आकडा पहिल्याच्या निम्म्याहून, कधी चौथ्या हिश्श्याहूनही कमी असतो. प्रतिनिधी औषधाचे गुण सांगण्यात फार वेळ घालवत नाहीत. त्यांचे बोट त्या दोन रकान्यांमधल्या फरकावर असते. हा माल गावातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही, त्यामुळे चिठ्ठी दिली तरी रुग्णाला परत आमच्याकडेच यावे लागते. कायद्याच्या भाषेत यात गुन्हा सापडणार नाही कदाचित, कारण छापील किमतीपेक्षा जास्त पैसे कोणी घेतलेले नसतात. पण दुखऱ्या दाढेने हैराण झालेला माणूस खुर्चीत आडवा पडलेला असताना, त्याला पर्याय नाही हे पक्के करून त्या फरकाचा लाभ घेणे याला शोषण म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

'शोषण' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण आचारसंहितेची कसोटी तीच आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेत असे म्हटले आहे की, डॉक्टरने इतरांच्या चिठ्ठ्यांवरील औषधे विकण्यासाठी उघडे दुकान चालवू नये. मात्र रुग्णाचे शोषण होत नसेल तोवर त्याने स्वतः औषध लिहिणे किंवा पुरवणे अनैतिक नाही. दंतवैद्यांसाठीची २०१४ ची सुधारित आचारसंहिता याच धर्तीवर बेतलेली आहे. अमेरिकन दंतवैद्य संघटनेच्या नीतिनियमांतही, रुग्णाला काही विकताना त्याने आपल्यावर टाकलेल्या विश्वासाचा स्वतःच्या आर्थिक लाभासाठी गैरफायदा घेऊ नये, असे दंतवैद्याला बजावले आहे. तिन्ही ठिकाणी विक्रीवर सरसकट बंदी नाही, आणि तिन्ही ठिकाणी रुग्णाच्या अगतिकतेचा विचार आहे.

पैशाचा प्रश्न किमतीपाशी थांबला असता तर मी एवढे लांब पत्र लिहिले नसते. अधिक गंभीर गोष्ट ही की, कपाटात काय भरले आहे त्यावरून रुग्णाला काय द्यायचे हे ठरू लागते. असह्य ठणक लागलेल्या दाढेच्या नसेचा दाह बहुतेक वेळा प्रतिजैविकाने बरा होत नाही. ती नस काढावी लागते किंवा दाढ काढावी लागते. पू झाला असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते. अमेरिकन दंतवैद्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांचा सारांश असा आहे की, प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढ रुग्णावर दाताचा प्रत्यक्ष उपचार लगेच करता येत असेल, तर अशा दुखण्यात प्रतिजैविके देऊ नयेत, वेदनाशामक पुरेसे आहे. ताप असेल, सूज पसरत असेल, तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे मात्र दुखऱ्या दाताला पाच दिवसांचे प्रतिजैविक हा जवळजवळ रिवाजच झाला आहे. त्यातही साध्या अमॉक्सिसिलिनने भागण्यासारखे असताना सेफिक्झिमसारखे, किंवा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल यांच्या मिश्रणासारखे औषध दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांची जी वर्गवारी केली आहे, तीत अमॉक्सिसिलिन सर्वत्र सहज उपलब्ध असावे अशा गटात आहे. सेफिक्झिम आणि ऑफ्लॉक्सासिन मात्र जपून वापरण्याच्या, लक्ष ठेवण्याच्या गटात आहेत. सेफिक्झिम तर आपल्याच नियमांच्या अनुसूची 'एच-१'मध्ये आहे. त्या अनुसूचीतले औषध विकताना औषधविक्रेत्याला वेगळी वही ठेवावी लागते, तीत डॉक्टरचे व रुग्णाचे नाव लिहावे लागते. तेच औषध दवाखान्यातल्या पुडीतून गेले की त्याचा मागमूस उरत नाही.

सुजेवर म्हणून दिल्या जाणाऱ्या सेराशिओपेप्टिडेजची कथाही लक्षात घेण्यासारखी आहे. हे औषध जपानमध्ये प्रसिद्धीस आले आणि ते विकणाऱ्या टाकेडा या कंपनीने त्याचा उपयोग पुन्हा सिद्ध न झाल्यामुळे २०११ मध्ये ते तिथल्या बाजारातून स्वतःहून मागे घेतले. आपल्याकडे दाढ काढल्यावर वेदनाशामकाबरोबर ते आजही सर्रास दिले जाते. मेडिकलमधूनही ते खपते, हे मान्य. पण लिहिणारा आणि विकणारा एकच असला की 'याची खरोखर गरज आहे का' हा प्रश्न विचारणारे मध्ये कोणीच राहत नाही.

या सवयीचा सर्वांत वाईट परिणाम रुग्णाच्या दाढेवरच होतो. पाच दिवसांच्या पुडीने ठणक दबतो. रुग्णाला वाटते बरे झाले, आणि तो नंतर फिरकत नाही. आतला जंतुसंसर्ग तसाच राहतो. काही महिन्यांनी तो पुन्हा उफाळतो, तेव्हा कधी कधी सूज जबड्याखाली, जिभेखाली, गळ्याकडे पसरते, तोंड उघडत नाही, श्वास घ्यायला त्रास होतो, आणि गोष्ट जिवावर बेतते. अशा रुग्णाला विचारले तर तो सांगतो, 'मागच्या वेळी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्याच आणून खाल्ल्या.' कोणत्या गोळ्या? ते त्याला ठाऊक नसते.

औषधांखेरीज दवाखान्यात जे विकले जाते, त्याविषयी थोडक्यात लिहिते. टूथपेस्ट, ब्रश, दातांमधल्या फटींसाठीचे छोटे ब्रश, गुळण्यांची औषधे. यांतील काही वस्तू गावात मिळत नाहीत, त्या दवाखान्यात ठेवल्या तर रुग्णाची सोयच होते. आक्षेप आहे तो 'उपचाराचा भाग' म्हणून त्या बिलात घालण्याला. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या ठरावीक दिवसांपुरत्या उपयोगी असतात, अधिक काळ केल्या तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव बदलते. हे न सांगता दर महिन्याला नवी बाटली देणाऱ्या दवाखान्यातले रुग्ण ते डाग काढून घ्यायला माझ्याकडे येतात. डाग काढण्याचे पुन्हा पैसे पडतात.

आता एक गोष्ट वाचकांना उद्देशून. दंतवैद्य औषधातून पैसे काढतात याला आपली एक सवय कारणीभूत आहे. तपासणीचे, सल्ल्याचे पैसे द्यायला आपल्याकडे माणसे नाखूष असतात. 'नुसते बघितले त्याचे कसले पैसे?' हे वाक्य मी तालुक्याच्या गावी ऐकते तसेच पुण्यात व्यवसाय करणारे माझे वर्गमित्रही ऐकतात. गोळ्या दिल्या की तेवढेच पैसे माणूस निमूटपणे देतो, कारण हातात काहीतरी पडलेले असते. नवा दंतवैद्य कर्ज काढून खुर्ची, एक्स-रे यंत्र, ऑटोक्लेव्ह घेतो. महिन्याचा हप्ता, जागेचे भाडे आणि मदतनिसाचा पगार चुकत नाही. अर्धा तास घालवून 'तुमच्या दाढेला औषधाची गरज नाही, ब्रश असा फिरवा' असे सांगणाऱ्या डॉक्टरला शून्य रुपये मिळतात आणि अनावश्यक पुडी देणाऱ्याला दोनशे. ही रचना बदलायची असेल तर सल्ल्याची फी दवाखान्यात ठळक लावणे आणि ती संकोच न करता घेणे, हे आमचे काम आहे. ती देणे हे रुग्णांचे. फी औषधात दडवण्यात प्रामाणिक डॉक्टरचाही तोटाच होतो, कारण गोळी न देण्याचा त्याचा निर्णय त्याला दरवेळी स्वतःच्या खिशातून भागवावा लागतो.

काही जण यावर उपाय सुचवतात की, लिहिणाऱ्याने विकूच नये असा कायदाच करावा. ही कल्पना जुनी आहे. तेराव्या शतकात सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने वैद्याने औषधविक्रेत्याशी भागी करू नये असा दंडक घातला होता. दक्षिण कोरियाने २००० साली लिहिणे आणि देणे ही दोन कामे कायद्याने वेगळी केली, आणि त्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी मोठे संप केले. महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवर असा सरसकट कायदा लागू केला तर भुर्दंड रुग्णालाच पडेल, असे माझे मत आहे. शिवाय विक्री वेगळी केल्याने लोभ वेगळा होतोच असे नाही. शेजारच्या मेडिकलकडून महिन्याला ठरावीक टक्के घेणारा डॉक्टर स्वतः एकही गोळी विकत नाही, तरी त्याची चिठ्ठी विकली गेलेली असतेच. अशा टक्केवारीच्या व्यवहारांना, म्हणजे 'कट प्रॅक्टिस'ला, आळा घालण्यासाठी २०१७ मध्ये राज्य सरकारने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि तिने कायद्याचा मसुदाही तयार केला होता. तो मसुदा पुढे सरकायला हवा होता.

नवीन कायद्याची वाट न पाहता आज करता येईल असे बरेच आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत औषधे व तपासण्या कोठून घ्यायच्या हे ठरवण्याचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. रुग्णालयांच्या आवारातील मेडिकलमधूनच औषधे घेण्याच्या सक्तीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये राज्यांनी धोरण ठरवावे असे सांगितले. चर्चा रुग्णालयांची होते. चार खुर्च्यांच्या किंवा एका खुर्चीच्या दातांच्या दवाखान्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून माझी पहिली विनंती महाराष्ट्र राज्य दंत परिषदेला आहे. प्रत्येक नोंदणीकृत दंतवैद्याला अनुसूची 'के'मधील अटी मराठीत, एका पानात, नोंदवहीच्या नमुन्यासह पाठवाव्यात आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणाऱ्या व्याख्यानांमध्ये हा विषय घ्यावा. माझ्या पाहण्यातल्या बहुसंख्य तरुण दंतवैद्यांनी ही अनुसूची कधी वाचलेलीच नाही; पदवीच्या अभ्यासक्रमात औषधशास्त्र येते, औषध देण्याचा कायदा जाता जाता येतो. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला आहे. त्या आयोगाच्या नीतिविषयक नियमांमध्ये 'शोषण' म्हणजे नेमके काय हे उदाहरणांसह लिहिले जावे. फक्त दवाखान्यातच मिळेल असा माल लिहिणे आणि नाव काढून टाकलेली गोळी देणे, या दोन गोष्टी त्यात निःसंदिग्ध शब्दांत याव्यात.

दुसरी विनंती अन्न व औषध प्रशासनाला. खरेदीची बिले आणि पुरवठ्याची वही पाहण्याचा अधिकार निरीक्षकांना आजही आहे. पहिल्या भेटीत खटला भरू नये, वही कशी ठेवायची ते समजावून सांगावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा यावे. मात्र 'विक्रीसाठी नाही' असे छापलेले नमुने पैसे घेऊन दिलेले आढळले, तर तिथे समजावण्याचा प्रश्न येत नाही. कंपन्यांनी फुकट दिलेले नमुने विकणे नियमाने स्पष्टपणे निषिद्ध आहे आणि त्यात अजाणतेपणाची सबब चालू शकत नाही, कारण ते शब्द प्रत्येक पट्टीवर छापलेले असतात.

व्यवसायबंधूंना मी एवढेच सुचवीन की संगणकावरून चिठ्ठी छापायला अर्धे मिनिट लागते. औषधाचे मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहावे, कंपनीचे नाव हवे तर कंसात. पट्टी कापायची वेळ आली तर नाव व मुदत असलेला तुकडा रुग्णाला द्यावा. औषधाचे पैसे आणि उपचाराचे पैसे पावतीवर वेगवेगळे दाखवावेत. 'हे औषध तुम्ही बाहेरूनही घेऊ शकता' हे वाक्य डॉक्टरने स्वतःच्या तोंडाने उच्चारावे. फलक लावून भागत नाही, कारण दाढ दुखत असलेला माणूस फलक वाचत नाही. आणि प्रतिजैविकाची पुडी देण्यापूर्वी, ती माझ्या कपाटात नसती तर मी ती लिहिली असती का, याचे उत्तर स्वतःशी द्यावे.

रुग्णांनीही विचारण्याचा संकोच करू नये. 'डॉक्टर, या गोळ्यांची नावे लिहून द्या' असे म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही. ज्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी तर आपल्या नेहमीच्या औषधांचा कागद खुर्चीत बसण्यापूर्वीच दाखवावा आणि निघताना नव्या औषधांचा कागद मागून घ्यावा. लिहून द्यायला नकार मिळाला तर ती पुडी तिथेच परत करावी आणि आवश्यक वाटल्यास राज्य दंत परिषदेकडे लेखी तक्रार करावी. आचारसंहितेचा भंग तपासण्याचे काम त्या परिषदेचेच आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
एक दंतवैद्य, जि. सांगली